चार दिवसांची संकष्टी

मेडनहेडच्या विलोब्रुक गोल्फ क्लबावर दर वर्षी सप्टेंबरात विलोब्रुक ट्रॉफी भरते. तिचा इतिहास क्लबवाले सांगतात तेव्हा तो फार सोवळा असतो. महायुद्ध नुकतंच संपलेलं, साखरसुद्धा रेशनवर, अशा दिवसांत एका उदार बिस्किटवाल्यानं लोकांचं मन रमावं म्हणून व्यावसायिक गोल्फपटूंची ही स्पर्धा सुरू केली, असं ते सांगतात. गावातली जुनी माणसं वेगळंच सांगतात. बिस्किटवाल्याच्या जावयाला गोल्फशिवाय दुसरं काही येत नव्हतं आणि सासऱ्याला तो ऑफिसात डोळ्यांसमोर नको होता. जावई पहिल्याच वर्षी दुसऱ्या दिवशी बाहेर पडला, स्पर्धा मात्र टिकली. पुढे बिस्किटवाला गेला, सिगारेटवाला आला. सिगारेटची जाहिरात बंद झाली तसा व्हिस्कीवाला आला, मग विमा कंपनी, मग बँक, आणि आता विजेच्या मोटारींवाला. थोडक्यात, कुंकवाचे धनी बदलत गेले आणि ट्रॉफीबाई पंच्याहत्तर स्पर्धा नांदल्या.

या स्पर्धेत एक पद्धत मात्र पहिल्यापासून आहे. नावाजलेले खेळाडू थेम्सकाठच्या हॉटेलांत उतरतात. पण ज्या पोरांच्या अंगावर अजून कुणा कंपनीची टोपी नाही, जी स्वतःच्या खर्चानं गावोगाव हिंडतात, त्यांना क्लबाशेजारचे लोक आठवडाभर घरी ठेवून घेतात. इंग्रजीत त्याला होस्ट फॅमिली म्हणतात. आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे ना, तसंच. फरक इतकाच, की इथे सातही वार एकाच घरी.

पंधराव्या होलच्या मागे ज्यांच्या बागेचं कुंपण लागतं, ते घर डॉक्टर शशी निमकरांचं. आणि तिथं पोरांना ठेवून घ्यायची ती त्यांची बायको सुप्रभा.

सुप्रभा नागपूरच्या धरमपेठेतली, एम.एस्सी. बॉटनी, लग्नाआधी दोन वर्षं कॉलेजात शिकवलेली. लग्न करून इंग्लंडला आली आणि विमानातून उतरल्या क्षणापासून ‘मिसेस डॉक्टर’ झाली. घर शशीच्या नावावर, गाडी शशीची, मित्र शशीच्या हॉस्पिटलातले. तिच्या गुलाबाला एकदा गावच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं, तर चिठ्ठीवर ‘डॉ. निमकर आणि पत्नी’. शशीनं त्या झुडपाला कधी तांब्याभर पाणी घातलेलं नव्हतं. क्लबाच्या होस्टांत तेवढं तिचं एकटीचं नाव होतं. शशीला गोल्फचा कंटाळा असल्यामुळे राहिलं होतं ते!

तर अशी ती वर्षानुवर्षं पोरं सांभाळायची. कुणी वेल्सचा, कुणी स्वीडनचा. ओल्या बुटांनी कार्पेटवर येणारे, रात्री घरच्या आठवणीनं रडणारे. त्यांपैकी एक कॉलम बेअर्ड. स्कॉटलंडचा, एकविशीतला, लालभडक केसांचा, काडीसारखा. स्पर्धेचा पहिला दिवस, गुरुवार. त्याच दिवशी संकष्टी. सुप्रभानं त्याच्यासाठी अंडी-टोस्ट मांडून ठेवलं आणि स्वतःसाठी खिचडी परतायला घेतली. जिऱ्याच्या फोडणीच्या वासानं पोरगा जिन्यावरून सरळ कढईपाशी आला.

“हे काय आहे?”

“माझं. आज माझा उपास आहे.”

“उपास आहे तर खाताय कशाला?”

“उपास आहे म्हणून तर खातेय!”

स्कॉटलंडनं खांदे उडवले. त्यानं चमचा घातला. शाळेत दुधातला साबुदाणा मिळायचा, त्याला ते बेडकाची अंडी म्हणायचे, पण ही अंडी झकास आहेत, असं म्हणत म्हणत त्यानं कढई पुसून टाकली. सुप्रभानं दुपारपर्यंत दोन केळ्यांवर काढलं. संध्याकाळी पोरगा आला तो स्पर्धेत पहिला होऊन.

आता गोल्फवाल्यांइतकी अंधश्रद्ध जमात नाही. खेळ चांगला झाला की मोजे धुवायचे नाहीत, खिशातलं नाणं बदलायचं नाही. कॉलमनं जाहीर केलं, “रविवारपर्यंत सकाळी हेच.” आणि घरात साबुदाणा मूठभर उरलेला.

“अहो, स्लाउला जाऊन या,” सुप्रभा शशीला म्हणाली. “साबुदाणा हवाय. आत्ता भिजला तर सकाळी होईल.”

शशी भुलीचा डॉक्टर. “सुप्रभा, मी दिवसभर माणसं झोपवून आलोय.”

“मग आता एकाला जागं करायला जा.”

गेला बिचारा, कन्सल्टंट माणूस, सूट-टायवर साबुदाणा घेऊन आला. घरात चार दिवस संकष्टी चालली. सुप्रभा पहाटे उठून दाणे भाजायची. रविवारी मात्र शशी ड्यूटीवर अडकला आणि सुप्रभाला गाडी चालवता येत नव्हती. क्लब बागेला लागून असला तरी त्याचं दार रस्त्यानं दोन मैलांवर, म्हणून शेजारच्या जीन हॉलिसनं कॉलमला आपल्या लाल मोटारीतून क्लबापर्यंत सोडलं. जीन विधवा होती, बोलघेवडी होती आणि तिच्याकडे एक गुबगुबीत कुत्रा होता. कॉलम त्या कुत्र्याशी खेळायला अधूनमधून कुंपणापलीकडे जायचा. त्या दिवशी तो ट्रॉफी जिंकला आणि स्थानिक पेपरात फोटो आला तो जीनच्या लाल मोटारीतून उतरतानाचा.

पुढे कॉलम फार मोठा झाला. दोन नाताळ त्याचं कार्ड आलं, ‘डिअर मिसेस एन’ म्हणून, मग बंद झालं. सुप्रभानं त्याबद्दल कधी ब्र काढला नाही. पण जवळच्या रीडिंग गावातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ती कॉलमची गोष्ट सांगायचीच सांगायची, आणि गोष्टीला दर वर्षी थोडं बाळसं यायचं. पहिल्या साली तो एक कढई खिचडी खायचा, पाचव्या साली दोन, आणि दहाव्या साली तर निघताना देवाला हात जोडून निघायचा.

“यंदा काय गं?” रीडिंगची मीनाक्षी सगळ्यांदेखत विचारायची. “अथर्वशीर्ष म्हणाला का?”

बायका हसायच्या. सुप्रभाही हसायची. घरी आल्यावर मात्र भांडी जरा जास्तच आपटायची. कुणाचा विश्वास नाही, हे तिला कळत होतं. तिची मुलगी अक्षया, जन्मानं इंग्लंडची, कॅमडेनला राहणारी, ती एकटी म्हणायची, “आई, मी तर बघितला होता ना, मी होते घरी.” पण पोटच्या पोरीची साक्ष मंडळात कोण धरतो?

मग ट्रॉफीचं पंच्याहत्तरावं पर्व आलं आणि क्लबानं स्पर्धेच्या इतिहासावर फिल्म करायला घेतली. कॉलम बेअर्ड स्वतः येणार होता. फिल्मवाल्यांची एक तरतरीत पोरगी सुप्रभाकडे वेळ ठरवून आली. सुप्रभानं मीनाक्षीला फोन केला तो सहज केल्यासारखा: “अगं, काही नाही, ते इतिहासात माझं घेतायत म्हणे.” बिस्किटवाला, त्याचा जावई, सिगारेटवाला, सगळे ज्या इतिहासात आहेत, त्यात एकदा आपलंही नाव, नुसतं आपलं, ‘आणि पत्नी’ नव्हे. एवढंच तिला हवं होतं. पण एवढं म्हणजे तिच्या लेखी सगळंच होतं.

आणि इथंच घोटाळा झाला.

पोरगी स्वयंपाकघरात बसली. सुप्रभानं आधी तिच्यापुढे खिचडीची बशी ठेवली. “नको, थँक यू,” पोरगी म्हणाली. असं कुठं असतं? सुप्रभानं पुन्हा सरकवली. “खरंच नको, आत्ताच लंच झालंय.” सुप्रभानं तिसऱ्यांदा चमचा हातातच दिला. पोरीनं डोळ्यांत पाणी आणून दोन घास गिळले. हिरवी मिरची होती. मग तिनं विचारलं, “कॉलम जिंकला त्यात तुमचा फार मोठा वाटा होता, असं ऐकलं. खरं का?”

आता धरमपेठेतल्या बाईला कुणी असं तोंडावर विचारलं तर ती काय म्हणणार? हो, माझाच वाटा, असं म्हणेल? आईनं तसं वळण लावलेलंच नसतं.

“छे छे! मी काय केलं? काहीच नाही,” सुप्रभा इंग्रजीत म्हणाली आणि मान खाली घालून टेबल पुसू लागली. “त्याचं तोच खेळला. उलट शेजारच्या जीननं फार केलं त्याच्यासाठी. तिला विचारा तुम्ही.”

हे बोलून ती थांबली. आता पोरगी म्हणणार, असं कसं, आम्हाला सगळं ठाऊक आहे, सांगा ना. मग आपण आणखी एकदा नाही म्हणायचं. मग ती आणखी आग्रह करणार. आणि मग, अगदीच गळ घातली म्हणून, आपण सुरुवात करायची: ‘त्याचं असं झालं, त्या दिवशी होती संकष्टी...’ गोष्ट जिभेवर तयार होती.

पोरीचा चेहरा उजळला. “ओ, हे फार उपयोगी पडेल! इतकं प्रामाणिक सांगितलंत, थँक यू.” तिनं सामान आवरलं, पाणी प्यायली आणि कुंपणाला वळसा घालून जीनच्या दारावरची बेल दाबली.

सुप्रभा फडकं हातात धरून खिडकीत उभी. संध्याकाळी तिनं शशीला सांगितलं.

“मग तू सांगायचंस ना,” तो पेपरातून म्हणाला.

“मी कसं सांगणार? तिनं विचारायला नको?”

“तिनं विचारलं की.”

“एकदाच विचारलं!”

अक्षयाला फोनवर कळलं तेव्हा ती कपाळ बडवायची राहिली. “आई, तू का नाही बोलला? इथे नो म्हणजे नो असते! आत्ता ईमेल कर त्यांना.”

“मागून घेऊ का मी मान?” सुप्रभा म्हणाली आणि ईमेल केली नाही. वाटलं, जीन सांगेलच की. इतक्या वर्षांचा शेजार.

जीन ऐंशी पार केलेली, पण पहिल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणायला शिकलेली. तो पोरगा तुमच्याकडे यायचा? हो, दिवसभर इथंच. त्याला खाऊ घातलंत? हो तर, उपाशी कसा ठेवणार. तो कुठल्याशा टॅपिओकाबद्दल, म्हणजे साबुदाण्याबद्दल सांगतो, तो तुम्हीच केलात? जीन क्षणभर थांबली म्हणतात. मग म्हणाली, “मुलांना दुधाचं पुडिंग आवडतंच ना.”

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी हिरवळीवर मोठा तंबू लागला. जुन्या होस्टांना निमंत्रण होतं. सुप्रभा काठाची नारायणपेठ नेसून, वर कोट घालून गेली. मीनाक्षीला पाहुणी म्हणून मुद्दाम बरोबर नेलेलं, एकदाची तिची खात्री पटावी म्हणून. जीनचं काय बोलणं झालं ते अजून ठाऊक नव्हतं. सुप्रभाच्या मनात अजून आशा होती, आणि आशेसारखी चिवट दुसरी वस्तू नाही.

फिल्म सुरू झाली. बिस्किटवाला आला, तो भलताच उदार निघाला. जावयाचं नाव नाही. सिगारेटचा धूर, व्हिस्कीचे ग्लास, पावसात वाहून गेलेली एक स्पर्धा. मग कॉलमचे लाल केस. तो पडद्यावर हसत होता: “ज्या घरी होतो तिथल्या बाईंनी मला चार दिवस सकाळी टॅपिओका खाऊ घातला. त्या नसत्या तर मी जिंकलो नसतो.” सुप्रभानं मीनाक्षीचा हात घट्ट धरला. पुढचं दृश्य जीनच्या स्वयंपाकघरातलं. जीन पातेल्यात पांढरं दूध ढवळते आहे आणि खाली ठळक अक्षरांत: ‘जीन हॉलिस, विजेत्याची अन्नपूर्णा’ अशा अर्थाचं काहीतरी.

दिवे लागले. जीनला हाताला धरून पुढे नेलं, चांदीचं तबक दिलं. कॉलमनं वाकून तिचे दोन्ही गाल चुंबले. जीन रडत होती, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

“अगं, बोल ना!” मीनाक्षीनं कोपर खुपसलं. “तुझी खिचडी ना ती? का सगळं पुडिंगच होतं?”

त्या कोपरानं काम केलं. सुप्रभा उठली. इतक्या वर्षांत त्या क्लबात ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. “एक्सक्यूज मी. ते मी केलं होतं.”

माइकवाला हसतमुख. “सॉरी, काय म्हणालात?”

“तो साबुदाणा. मी केला होता. त्यात दूध नव्हतं. मीठ होतं. दाण्याचं कूट होतं. मिरची होती.”

इंग्रज माणूस अवघडला की आधी बुटांकडे बघतो, तसे सगळे बुटांकडे बघू लागले. मग माइकवाला म्हणाला, “म्हणजे जीनला मदतनीससुद्धा होती! त्यांच्यासाठीही जोरात टाळ्या!” टाळ्या झाल्या, जोरातच झाल्या. सुप्रभा खाली बसली.

नंतर चहाच्या टेबलापाशी कॉलम तिच्याजवळ आला. केस विरळ झालेले, पोट सुटलेलं. “मिसेस एन,” तो हळूच म्हणाला. “तुम्हीच. मी बघताक्षणी ओळखलं. डॉक्टर साबुदाणा आणायला गेले होते.”

“मग?” सुप्रभा म्हणाली.

त्यानं जीनकडे पाहिलं. तिच्याभोवती फोटोवाल्यांचं कोंडाळं होतं. “ती किती खूश आहे बघा. आणि फिल्म तर झाली. आमच्या खेळात एकदा स्कोअरकार्डावर सही करून दिली, की मग चूक दिसली तरी आकडा बदलत नाही. राहू द्या ना तसंच.” त्यानं तिचा खांदा थोपटला आणि तो फोटोला गेला.

मीनाक्षी तिला आपल्या गाडीतून घरी सोडायला निघाली. घराच्या वळणावर गाडी हळू करत म्हणाली, “रागावू नकोस हं, पण असं उठून बोलायला नको होतं. आपल्याला शोभलं नाही ते.”

“तूच कोपर मारलंस!”

“मी आपली गंमत केली. तू लगेच उठशील असं कुठं वाटलं?”

पुढच्या रविवारपर्यंत अख्ख्या रीडिंगला कळलं होतं. कळलं ते असं, की निमकरांच्या सुप्रभानं एका म्हाताऱ्या बाईच्या सत्कारात भांडण काढलं.

जीनची आणि तिची गाठ कचऱ्याचे डबे बाहेर काढताना पडली. सुप्रभा वाट बघत होती, काहीतरी म्हणेल म्हणून. जीन म्हणाली, “तूच त्या मुलीला सांगितलंस, सुप्रभा. जीननं सगळं केलं, असं. मी तुला खोटं कसं पाडणार होते?”

यावर उत्तर काय द्यायचं? आमच्यात तसं म्हणायची पद्धत आहे, असं? पद्धत सांगता येते, पण ती सांगायला लागली की संपतेच. दोघींचं बोलणं त्या दिवशी थांबलं. कुंपणावरून जाणारी चकलीची बशी थांबली, तिकडून येणारे प्लम थांबले. क्लबाच्या खानावळीत ‘जीनचा टॅपिओका’ मिळू लागला. सुप्रभानं होस्टांतून आपलं नाव काढून घेतलं. रिकाम्या खोलीत शशीनं ट्रेडमिल आणून ठेवली आणि तिच्यावर कपडे वाळत घातले.

फेब्रुवारीत जीन गेली. तिची मुलगी लिंडा दारात आली, डोळे सुजलेले. सुप्रभाला भरून आलं. काही झालं तरी इतक्या वर्षांचा शेजार. तिनं लिंडाला जवळ घेतलं. लिंडा म्हणाली, “शुक्रवारी अंत्यविधीनंतर क्लबात सगळे जमणार आहेत. आईचा तो टॅपिओका ठेवावा म्हणते. आई म्हणायची, सुप्रभाला सांग, ती बरीचशी माझ्यासारखीच करते. आणि पडद्यावर केला तसा नको. कॉलमला आई द्यायची ना, दाणे आणि मिरचीवाला. तो खरा.”

म्हणजे जीननं ती गोष्टसुद्धा दत्तक घेतली होती, मिरचीसकट. सुप्रभानं होकाराची मान हलवली.

गुरुवारी संध्याकाळी तिनं मोठं पातेलं काढलं. साबुदाण्यात पाणी कसं, दाणे जेमतेम बुडतील इतकंच घालायचं, हे नागपूरच्या शेंबड्या पोरीलाही कळतं. सुप्रभानं वर चार बोटं पाणी ओतलं. शेंगदाणे भाजले नाहीत, कच्चेच कुटले. मीठ घातलं नाही. सकाळी पातेल्यात जो गोळा तयार झाला होता, त्यानं भिंतीला कागद चिकटवता आला असता. तिनं तो मन लावून परतला, करपू दिला, आणि छान डिशमध्ये घालून क्लबात नेला. जीनच्या नावाची चिठ्ठी लिंडानं स्वतः लावली.

मग सुप्रभा भिंतीशी उभी राहून बघू लागली. आता कळेल सगळ्यांना. आता एकेक तोंड वाकडं होईल.

कुणाचंही झालं नाही. पाद्री म्हणाला, अप्रतिम. क्लबाचा सेक्रेटरी दुसऱ्यांदा वाढून घेऊन म्हणाला, विजेते याच्यावरच घडतात. माइकवाल्यानं चमच्यानं गोळा तोडायचा प्रयत्न केला, तुटेना, तेव्हा सबंधच तोंडात घातला आणि डोळे मिटून मान डोलावली. लिंडा रडत रडत म्हणाली, “अगदी आईच्या हातची चव!” आणि कोण जाणे, खोटं म्हणाली असंही नाही.

इतक्यात शशी बशी घेऊन आला. लग्नाला चाळीस वर्षं झाली, या माणसानं पानात काय आहे ते कधी बघून जेवल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं एक घास तोंडात धरला, गिळायला जरा वेळ घेतला आणि तिच्या कानाशी येऊन कुजबुजला, “सुप्रभा, आज तुझी खिचडी बिघडली गं. मीठच नाही.”

सगळ्या हॉलमध्ये एकाच माणसाला कळलं, आणि तेही हे कळलं.

“माझी कुठाय ती?” सुप्रभा म्हणाली. “जीनची आहे. खा मुकाट्यानं.”

आणि तिनं त्याच्या बशीत आणखी एक डाव वाढला.